भुवया बघून

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाबा त्याच्या डोळ्यांपुढे एकेक काच सरकवतात आणि विचारतात, "ही बरी की आधीची?" ते म्हणेल ती काच. ओळख ना पाळख, पण त्याचा शब्द शेवटचा. "डोळे त्यांचे, आपण कोण सांगणारे?" असं वर ऐकवतात.

पोटच्या पोरीला मात्र ही सवलत नाही. मी "दुसरी" म्हटलं की, "नीट बघ." मग "पहिली" म्हटलं की, "नक्की?" शेवटी मी काचेतून बघणंच सोडलं. त्यांच्या भुवया बघायचे, वर गेल्या की उत्तर बदलायचे. चित्रकला सोडली ती भुवया बघून, हिशेबाचा कोर्स घेतला तोही भुवया बघूनच.

आणि मग मी गुपचूप गोदीत क्रेन चालवायच्या प्रशिक्षणाला अर्ज टाकला. निवड झाली, माझी! उंच केबिनमध्ये बसून अख्खा कंटेनर अलगद उचलायचा आणि बोटीत ठेवायचा. मला दुसरं काही सुचेना. आई म्हणाली, "बाबांना विचार." आमच्या घरात सगळे रस्ते तिथेच जातात. विचारलं, तर बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव," आणि भुवया थेट केसांना टेकल्या. आता बोला! हो म्हणावं तर त्या भुवया आठवतात, नाही म्हणावं तर ती क्रेन. घरात बसवेना, बाहेर करमेना.

होकार कळवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी गोदीच्या दवाखान्यात डोळ्यांची तपासणी होती. दुपारी तिथला मुकादम फोन करणार होता. हो की नाही, तेव्हाच सांगायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

तपासणाऱ्या बाईंनी काच बदलली. "ही की आधीची?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"अगं, डोळे तुझे की माझे?"

बाईंच्या तोंडाला मास्क, भुवयांपर्यंत टोपी. वाचायला काही नव्हतंच. नाइलाजाने काचेतून बघितलं आणि उत्तरं देत गेले.

"हा चष्मा कोणी दिला तुला?" बाई म्हणाल्या. "नंबर भलताच आहे. नव्या काचा घे, मग पास आहेस. डोकं दुखत नाही?"

दुखतं की. वर्षानुवर्षं दुखतं. मला वाटायचं, माझा स्वभावच तसा आहे.

तडक दुकानात गेले आणि चष्मा काउंटरवर आपटला. "चष्मेवाल्याच्या पोरीला चुकीचा नंबर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

"अशक्य," बाबा म्हणाले. "तूच सांगितलेला नंबर आहे हा."

"मी नाही, तुमच्या भुवयांनी सांगितलेला!"

ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसले. "म्हणजे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण तुमच्यासमोर सांगायची हिंमत नव्हती."

माझा चष्मा उचलून ते पुसायला लागले. "परक्याचं चुकलं तर काच बदलून देता येते गं. तुझं चुकू नये, एवढंच वाटायचं मला."

मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला. तेवढ्यात फोन वाजला. मुकादमच.

"काय ताई, येताय की देऊ जागा दुसऱ्याला?"

मेली सवय, नजर आपसूक बाबांच्या कपाळावर गेली. त्यांनी ते पाहिलं. ते खुर्चीतून उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "बोल."

समोर नुसती त्यांची पाठ. मुकादम "हॅलो, हॅलो" करत होता.

"येते," मी म्हटलं. "उद्यापासून येते."

फोन ठेवला तरी बाबा वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, देव जाणे. मी पुढे जाऊन बघितलं नाही.