बाहुलीच्या मनगटावरची लाल पट्टी

नर्सिंगच्या आणि डॉक्टरकीच्या मुलांचा एकत्र सराव नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंनी भांडून सुरू करवून घेतला होता. पलंगावर रबराची बाहुली पेशंट म्हणून झोपवलेली, मनगटाला अ‍ॅलर्जीची लाल पट्टी, तिच्यावर न चालणाऱ्या औषधाचं नाव. होऊ घातलेल्या डॉक्टरसाहेबांनी नेमकं तेच औषध सांगितलं, आणि वर्गात जिला सगळे टकळी म्हणत, तिने ते मुकाट्याने टोचलं. बाहुलीला जोडलेलं यंत्र किंचाळलं.

“गेली बिचारी! आता घरी कोण कळवणार?” मुलं खिदळली.

बाईंनी टकळीला बाजूला घेतलं. “पट्टी दिसली नाही का गं?”

“दिसली ना, बाई. पण तुम्हीच सांगता, डॉक्टरांपुढे तोंड उघडायचं नाही.”

शब्द बाईंचेच होते. हिला उद्या नव्याने शिकवता येईल. पण हाच धडा गिरवून खऱ्या वॉर्डांत पांगलेल्या पोरींना आता कुठून बोलावून आणायचं?