दवबिंदूंवर पसरलेली चटई

मी चटई बोलतेय. रबराची, निळी, गुंडाळून पट्टा लावला की काखेत मावणारी. कॅमेरा बोलला असता तर तुम्ही कान टवकारले असते, ठाऊक आहे मला. पण फोटो काढणारा माणूस जमिनीवर पालथा पडतो, तेव्हा त्याच्या पोटाखाली मीच असते ना!

खरं तर मला बनवलं व्यायामासाठी. मालकाने जेमतेम आठवडाभर व्यायाम केला आणि मला कपाटामागे ढकललं. पुढे त्याचा फोटो स्टुडिओ बंद पडला. तो नुसता खिडकीशी बसून राहायचा, दाढीसुद्धा करत नसे. त्याची थोरली बहीण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. भावाची ही दशा तिला बघवेना.

"ऊठ," ती एके दिवशी म्हणाली. "किडे खाणारी झाडं दाखवते तुला. पण जागा कुणाला सांगायची नाही हं."

"ताई, मी कुणाला सांगणार? माझ्याशी बोलतंय कोण!"

ती त्याला एका ओलसर उतारावर घेऊन गेली. तिथे दवबिंदू नावाची रोपं होती, तांबडी, नखाएवढी. पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब. माशी बसली की संपलीच. ताई आणखी रोपं शोधत पुढे गेली. कपडे भिजू नयेत म्हणून मालकाने मला पसरलं आणि समोरच्या एका रोपावर कॅमेरा रोखला. माझ्याखालीही दवबिंदूच होते, पण खाली बघतो कोण? तो कोपरं रोवत होता, कूस बदलत होता, आणि ती बिचारी रोपं चिरडली जात होती. माझा जीव नुसता कासावीस झाला.

"ताई, फोटो मिळाला! बघ, माशीचा पायसुद्धा दिसतोय!" कित्येक महिन्यांनी तो हसला.

ताई मला गुंडाळायला वाकली आणि थबकली. माझ्या पाठीला रोपं चिकटली होती. मोठा किडा समजून त्यांनी मला धरलं असावं. तिने भावाकडे पाहिलं. तो कॅमेऱ्यात दंग होता. त्याच्याकडे पाठ करून तिने एकेक रोप नखाने सोडवलं आणि चिखलात रोवलं.

"छान आलाय रे फोटो," म्हणत तिने मनगटाने डोळे टिपले. त्याला वाटलं, आनंदाने.

फोटो गाजला, कामं येऊ लागली. जागा त्याने खरंच कुणाला सांगितली नाही; ताईशिवाय ती त्याला सापडलीही नसती. काल त्याने ताईला फोन लावला, स्पीकरवर. "ताई, यंदाही जाऊ या ना?"

"अरे, जागाच आठवत नाही बघ मला. वय झालं आता."

फोन ठेवून तो शेजारी बसलेल्या बायकोकडे वळला. म्हणाला, "ताई विसरायला लागली गं. डॉक्टरांना दाखवायला हवं." त्याचे डोळे भरून आले होते.

अहो, ती काही विसरलेली नाही! पण हे मी सांगू कशी? सध्या मी दाराआड उभी आहे. माझ्या पाठीवरचे तांबूस डाग धुऊनही गेलेले नाहीत. मालक, ताईला डॉक्टरकडे नेण्याआधी एकदा मला उलटवून बघा.