पेटीत आहेत, म्हणजे सुखरूप

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल. कडी वाकडी, तळाला गंज, अंगावर निळ्या रंगाचे पोपडे. वयाने तुमच्या आईबाबांपेक्षा मोठी अशी मी एक पत्र्याची पेटी. जे घडलं त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे.

कल्याणच्या बाजारात गुणाजी नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्रा जाड घेतला आणि झाकण असं बसवलं, की वरून घागर ओतली तरी आत थेंब जाऊ नये. दुकानातल्या इतर पेट्या कुणाकुणाच्या लग्नात मिरवत गेल्या. मला जगनने नेलं, कळव्याच्या चाळीत. नुकतंच लग्न झालेला, कारखान्यात नोकरी करणारा पोरगेला माणूस. मला वाटलं, आता आपल्यात साड्या येणार. आली पुस्तकं!

दर सहा डिसेंबरला जगन आणि त्याची बायको मंजुळा दादरला जायची. परतताना तिथल्या स्टॉलवरून एक तरी पुस्तक घ्यायचंच, हा त्यांचा नेम. मग महिनाभर चहा बिनदुधाचा का होईना. मंजुळाला तेव्हा वाचता येत नव्हतं, ती अंगठा लावायची. पुढे विहारातल्या बायकांच्या वर्गात जाऊन ती अक्षरं शिकली. सही जमली त्या वर्षी नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने शाईच्या पेनाने आपलं नाव लिहिलं. अक्षरं उतरणीवरून घसरल्यासारखी खाली गेली होती.

"अहो, बघा ना, कसं झालंय?" तिने विचारलं.

"झकास! आता प्रत्येक पुस्तकावर तूच नाव घालायचंस," जगन म्हणाला.

आधीच्या पुस्तकांवरही तिने हौसेने नावं घातली. मग दर वर्षी एक नवं पुस्तक, एक नवं नाव. अक्षर हळूहळू ओळीत आलं, वळणदार झालं. पुस्तकांचे कणे दिसावेत म्हणून ती माझ्यात सगळी उभी लावायची. जयंतीच्या आधी घराला रंग काढला, की उरलेला निळा रंग मला मिळायचा. मला पालथी घालून ती तळालासुद्धा हात द्यायची आणि मग पुन्हा चार विटांवर ठेवायची. पावसाळ्यातल्या वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन असलं, की माझं झाकण रोज उघडायचं. काय थाट होता माझा!

मंजुळा आजारी पडली आणि गेली. जगनचा मुलगा धम्मपाल याने कळव्यापुढे दिवा गावात फ्लॅट घेतला. मीही टेम्पोत बसून तिकडे गेले. सून प्रीती गुणाची, सासऱ्याला जपणारी. पण माझ्याखालच्या विटा काही तिला बघवेनात.

"पप्पा, नवीन टाइल्सवर विटा कशा दिसतात? ओरखडे पण पडतील."

"काढून टाक मग. पेटी भक्कम आहे," जगन म्हणाला. मी फुशारले. मूर्खच मी! रंगाचं तर नावही कुणी काढलं नाही. ओल्या फडक्याने फरशी पुसता पुसता माझा तळ गंजत गेला आणि त्याला बारीक भोकं पडली. वरून कुणाला काही दिसत नव्हतं.

आता दिव्याच्या पाण्याची तऱ्हा ऐका. ते कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून कोरडा नळ उघडाच ठेवायचा, खाली ड्रम लावायचा आणि आवाज आला की धावायचं. सगळी बिल्डिंग हेच करते. त्या बुद्धपौर्णिमेला घरचे सगळे कळव्याच्या विहारात गेले. प्रीतीला वाटलं, नळ पप्पांनी बंद केला. जगनला वाटलं, प्रीतीने केला असेल. आणि कधी नव्हे ते भरदुपारी पाणी आलं, तेही धो धो. ड्रम भरून वाहू लागला. मोरीच्या जाळीवर नेमकं फडकं जाऊन बसलं. पाणी मोरीतून स्वयंपाकघरात आलं आणि तिथून माझ्यापर्यंत.

वरून येणारं पाणी मी अडवलं असतं हो, हे खालून आलं! भोकाभोकातून आत शिरलं. उभी पुस्तकं खालच्या कडेने ते पिऊ लागली. ओल पानापानांतून वर चढत होती, पुस्तकं फुगून एकमेकांत घट्ट रुतत होती, आणि मी नुसती बघत होते. मला ओरडता येत असतं तर सगळी बिल्डिंग नव्हे, सगळं दिवा गाव गोळा केलं असतं.

शेजारच्या शालूने जिन्यात पाणी पाहिलं आणि फोन केला. "अगं प्रीती, तुमच्या दाराखालून पाणी येतंय, ये लवकर!"

सगळे धापा टाकत आले. गाद्या उचलल्या, वायरी काढल्या, पाणी ढकललं. मग प्रीती एकदम थबकली. "पप्पा, पुस्तकं!"

जगनने माझ्या झाकणावरून हात फिरवला. झाकण ठणठणीत कोरडं होतं.

"पेटीत आहेत, म्हणजे सुखरूप," तो हसून म्हणाला आणि गादी वाळत घालायला निघून गेला.

पुढे घरात घाण वास सुटला. धम्मपाल म्हणाला, "उंदीर मेलाय कुठेतरी." फ्रिज सरकवला, माळा उपसला, उंदीर काही सापडेना. शेवटी नात रचना माझ्याजवळ वाकली. "आजोबा, पेटीतून येतोय."

जगनने झाकण उघडलं. आत काळी बुरशी होती. पुस्तकं कसली, लगदा झालेला. त्याने एक कसंबसं ओढून काढलं आणि पहिलं पान सोडवलं. तिथे निळा डाग होता. दुसरं काढलं, तिथेही डाग. तो एकेक उघडत राहिला. मंजुळाचं नाव कुठेच नव्हतं.

"पप्पा, टेन्शन नका घेऊ. सगळी परत मिळतात, मी आणतो ना," धम्मपाल म्हणाला.

"पुस्तकं मिळतील रे. तुझी आई लिहायला शिकत होती, ते कुठं मिळेल?"

प्रीती हुंदके देऊ लागली. "विटा मीच काढलेल्या, पप्पा."

"आणि झाकणावर हात कुणी ठेवलेला? मीच ना. उघडलं का नाही मी?" जगनने कपाळावर हात मारून घेतला. मुलासुनेसमोर तो लहान पोरासारखा रडला.

धम्मपालने पुस्तकं नवी आणली, काचेच्या कपाटात लावली. रचनाने पेन आणलं. "आजोबा, आजीचं नाव मी लिहू?"

"नको गं बाळा. ती जागा तिची आहे."

मी आता गॅलरीत आहे, रिकामी. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी जपून ठेवलेलं असेल. ठेवलं म्हणजे जपलं, असं समजू नका. त्याला ऊन दाखवा, हवा दाखवा, हात लावा. कोरड्या झाकणावर भरवसा ठेवू नका. त्या संध्याकाळी जगनचा हात माझ्यावर होता. मला फक्त एकच शब्द बोलता आला असता, तर मी म्हटलं असतं, उघड.