दवाखान्याची जागा

दवाखान्यासाठी माणसाचं डोकं फोडणारं गाव तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं. ते माझंच गाव, धामणगाव बढेच्या अलीकडचं, आणि ज्याचं डोकं फोडलं तो माझा बाप.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. केंद्र म्हणजे काय, तर मोजक्या खाटा, एक डॉक्टर, एक अॅम्ब्युलन्स. सिझर होत नाही, रक्त मिळत नाही. बाळंतीण अडली की राजूरचा घाट चढून बुलढाण्याला न्यायची. माझी वहिनी महामाया त्याच घाटात गेली. मी तिच्या पोटावर मूठ दाबून बसले होते आणि गाडीच्या पत्र्यावरून रक्त मागच्या दाराकडे वाहत होतं. तेव्हापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: गावात तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. देवाकडे मागायची आमच्या घरात सवय नाही, म्हणून मी सरकारकडे मागत राहिले.

सरकारने शेवटी ऐकलं, पण अटीवर. केंद्राला लागून सलग, मोकळी जागा हवी आणि तिच्यावर कोणाचाही वाद नको. वरून समिती येणार, जागा पाहणार, पटली तर मंजुरीची शिफारस करणार. नाही पटली तर नदीपलीकडचं गाव टपून बसलेलंच होतं. त्यांचाही प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर होता.

तेवढी सलग जागा आमच्या गावात एकच. केंद्राच्या मागची ई-क्लासची सरकारी जमीन. आणि तिच्यावर माझे बाबा, इंद्रभान, तूर पेरत होते. आजोबांनी दगड वेचवेचून ते वावर केलेलं. सरकारच्या लेखी अतिक्रमण, आमच्या लेखी भाकर. ग्रामसभेने ती जागा रुग्णालयाला द्यायचा ठराव घेतला, सरपंच शेषरावांनी वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. बाबांना कोणी विचारलं नाही. बौद्धवस्तीतल्या माणसाला विचारायचं नसतं, नुसतं सांगायचं असतं, ही आमच्या गावची रीत. या वेळी तर सांगायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

माझा भाऊ धम्मरत्न घरात आगीसारखा फिरत होता. "सोडाचं नाई बाबा. पाहू कोण काढते आपल्याले!"

बाबा जेवता जेवता थांबले. "महामाया कायनं मेली बे? तुही बायको होती ना ते?"

धम्मरत्न खाली बसला.

"सायब यायच्या आंधी तूर सोंगून टाकू," बाबा म्हणाले. "वावर मोकळं दिसलं पाह्यजे. मंग मीच सायबाले सांगतो, घ्या म्हणून."

मला इतका आनंद झाला की मी जेवण अर्धं टाकून उठले. मी म्हटलं, "बाबा, शेषरावभाऊले सांगून येऊ काय मी?"

"त्यायनं मले इचारलं काय? मंग मी काऊन सांगू? जमीन सरकारची हाय, सरकारले देतो."

आता एक गोष्ट तुम्हाला सांगावी लागेल, कारण सगळा घात तिथेच झाला. ई-क्लासवर कसणाऱ्यांचा एक अलिखित कायदा आहे. साहेब पाहणीला आला त्या दिवशी जो वावरात राबताना दिसला, त्याचा कब्जा. तलाठ्याची मोटरसायकल दिसली की घरचं सगळं माणूस विळे घेऊन वावरात पळतं, काम असो नसो. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. बाबांना तर चांगलंच माहीत. पण त्यांच्या मनात जमीन द्यायचं होतं, धरायचं नव्हतं, त्यामुळे आपण लोकांना कसे दिसू हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

समिती ठरल्यापेक्षा लवकर आली. साहेब केंद्राच्या पुढच्या खोलीत चहा घेत होते. मी मागच्या खोलीत चादरी बदलत होते, तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून खिडकीतून पाहिलं. निम्मी तूर कापून झाली होती. बाबा, माय आणि धम्मरत्न वाकून विळे चालवत होते. आणि त्यांच्या अंगावर पंचवीस-तीस माणसं धावत येत होती. पुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर शेषरावांचा मुलगा दीपक, मागे माती कापणारं रोटावेटर फिरतं.

मी मागच्या दाराने पळाले.

"सायब बसले हाय अन् हा इळा घेऊन कब्जा दाखवून राह्यला!" कोणीतरी ओरडलं. "मारा याले! गावाचा दवाखाना खाऊन राह्यला!"

दीपकने उभ्या तुरीत ट्रॅक्टर घातला. कडक वाळलेल्या तुराट्या कडाकडा मोडत रोटावेटरखाली गेल्या, शेंगांचा चुरा हवेत उडाला. माझी माय, जनकाबाई, ट्रॅक्टरसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. दीपक खाली उडी मारून आला आणि त्याने तिला केसांनी धरून ओढत बांधावर नेऊन फेकलं. साठीच्या बाईला. चालू ट्रॅक्टर जागेवर धडधडत राहिला आणि त्याच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येईना.

बाबा हात जोडून पुढे आले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि तिथेच काठी बसली. दात तुटून रक्ताबरोबर बाहेर आले. तरी ते हाताने खुणा करत होते, घ्या, घ्या, अशा. लोकांना वाटलं, हा मारायला बोलावतोय. दुसरा फटका फावड्याच्या दांड्याचा, डोक्यावर. तो आवाज मी ट्रॅक्टरच्या धडधडीतही ऐकला. बाबा गुडघ्यावर बसले आणि मग कुशीवर पडले. पडल्यावरही लाथा थांबल्या नाहीत. छातीत, पोटात, तोंडावर. ज्यांच्या लेकरांना मी पोलिओचे डोस पाजले, ज्यांच्या बायकांची बाळंतपणं केली, ती माणसं माझ्या बापाला चपलांनी तुडवत होती.

"बाबा देऊन राह्यले!" मी घसा फाडून ओरडत होते. "जमीन देऊन राह्यले ते!" एकाने मला ढकललं, मी तुरीच्या खुंटांवर पडले, हाताचा तळवा फाटला.

मग धम्मरत्न आला. त्याने मायला पडलेलं पाहिलं होतं, बाबांना पाहिलं होतं. त्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसतं गुरगुरणं. त्याने विळा फिरवला तो आडवा, खालून वर. दीपकच्या जांघेत तो मुठीपर्यंत रुतला. त्याने तो ओढून काढला आणि रक्ताची चिळकांडी उडाली, थेट धम्मरत्नच्या चेहऱ्यावर. दीपक बघतच राहिला, जणू ते दुसऱ्याच कोणाचं रक्त आहे. मग तो मटकन खाली बसला. लोकांनी धम्मरत्नचा हात काठ्यांनी मोडला, तो पडला तरी मोडतच राहिले.

कोणीतरी ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झालं. मी वळून पाहिलं तर केंद्राच्या मागच्या भिंतीशी समितीचे साहेब उभे होते.

साहेब स्वतः डॉक्टर होते, हे आमच्या नशिबाचं म्हणायचं. कोट काढून फेकला आणि दीपकच्या जांघेत दोन्ही हातांनी कापडाचा बोळा दाबून धरला. जखम इतकी वर की पट्टी आवळायला जागाच नाही. "रक्त आहे का?" नाही. "भूल द्यायला कोणी?" नाही. "मग तुम्ही इथे करता काय?" ते ओरडले. मीही ओरडले, "हेच पाहायला तर तुम्ही आले ना साहेब!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकाच अॅम्ब्युलन्समध्ये दोघांना घातलं, दीपक स्ट्रेचरवर, बाबा बाजूच्या बाकावर. केंद्राचे डॉक्टर धम्मरत्नपाशी थांबले, आणि त्याला धरायला पोलीस येत होते. दार लावताना साहेब म्हणाले, "सिस्टर, वादाच्या जागेची शिफारस मी करू शकत नाही. पण अहवाल महिनाअखेरीस जाईल. तोवर सरपंच आणि तुमचे वडील, दोघांनी एकत्र येऊन वाद नाही असं लिहून दिलं तर बघतो. नाहीतर पलीकडचं गाव."

गाडी निघाली. मी दीपकच्या जांघेवर सगळा भार टाकून वाकले. माझ्या फाटक्या तळव्यातलं रक्त त्याच्या रक्तात मिसळत होतं. मला सांगायला लाज नाही, एक क्षण वाटलं, हात काढावा. याने माझ्या मायला केसांनी ओढलं. हात काढला नाही, एवढंच.

वाटेतलं मोताळा मागे पडलं तसा दीपक बोलू लागला. ओठ पांढरे. "सिस्टर, सायबानं पाह्यली काय जागा?"

"पाह्यली."

"होऊन जाईन ना मंग दवाखाना?"

बाकावरून बाबांचा आवाज आला. दात नसलेल्या, सुजलेल्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. "मी तं देऊन राह्यलो होतो ना बे पोरा. त्याच्यासाठीच तूर सोंगत होतो."

दीपकने मान वळवायचा प्रयत्न केला. "मंग बोलले काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

"इळा घेऊन उभे होते तुमी... कोणालेबी वाटन..."

"मोकळं करून देत होतो बे!"

"मले काय मालूम, काका," दीपक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्या बापाला काका म्हटलं. एरवी इंद्र्या म्हणायचा, वयाने तीसेक वर्षांनी लहान असून.

घाटाच्या वळणांवर गाडी हेलकावत होती. माझ्या हाताखालचा ठोका बारीक होत गेला आणि मग नव्हताच. मी दाबून धरलेलंच होतं. बाबा त्याला समजावत होते, आपण दोघं मिळून सायबाकडे जाऊ, तुहा बाप, मी, अन् तू. मी म्हटलं, "बाबा, बस करा." तरी ते बोलत राहिले.

बुलढाण्याला शेषराव आमच्या पाठोपाठच मोटरसायकलवर पोहोचले. चादर वर करून त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं. मग माझ्याकडे आले आणि माझा गळा धरला. भिंतीवर माझं डोकं आपटलं, एकदा, दोनदा. "तुह्या भावानं खाल्लं माह्या पोराले!" वॉर्डबॉय धावून आले, त्यांना ओढून काढलं. मी श्वास घेत खाली बसले. माझ्या भावाने त्यांचा मुलगा मारला होता, हे खरंच होतं. मी तक्रार केली नाही त्या गळ्याबद्दल. बाबांना मारलं त्याबद्दल मात्र केली, एकेकाचं नाव घेऊन.

डोक्याला टाके घातलेल्या बाबांची खाट कॉरिडॉरमध्येच होती. ते म्हणाले, "शेषरावभाऊ, मी तूर काढून वावर सरकारले देऊन राह्यलो होतो. पोरीले इचारा."

शेषरावांनी मला विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. "मंग मले येऊन सांगाचं होतं ना, इंद्रभान."

"तुमच्या ओट्यावर चढू देलं असतं तं सांगतलं असतं."

साहेबांची अट निघतानाच शेषरावांच्याही कानावर आली होती. ते म्हणाले, "आता देतं काय लिहून?" पोराचं प्रेत दहा पावलांवर आणि हा माणूस जागा मागतो! माझं डोकं भणाणलं. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो माझाच होता: हो म्हणा बाबा, काहीही करून हो म्हणा.

बाबांनी डोळे मिटले. "देतो. पण असं नाई. माह्या घरी या. दारात उभे राहा, अन् मांगा. एक डाव इचारा मले. मंग देतो."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मला ते सांगवत नाही. दीपकची तेरवी झाली. धम्मरत्न तुरुंगात. बाबांना घरी आणलं, त्यांचा डावा हात उचलत नाही. रोज सकाळी ते दारात खाट टाकायला लावायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मी ड्युटीवरून आले की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते मान हलवायचे. नाही.

एकदा मी स्वतः शेषरावांच्या घरी गेले, अंगणातूनच हात जोडले. म्हटलं, भाऊ, तुमच्या दुःखाशी मला बोलायचं तोंड नाही, पण या. दीपकही दवाखानाच मागत गेला. ते आत निघून गेले.

अहवाल जायच्या आदल्या दिवशी मात्र ते आले. आमच्या वस्तीच्या तोंडाशी, पंचशील ध्वजाच्या ओट्यापाशी, पांढरी टोपी घालून उभे राहिले. बाबांनी त्यांना पाहिलं. मला म्हणाले, "पाणी आण." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले. चार घरं चालायचं होतं त्यांना, आणि एक वाक्य बोलायचं होतं.

ते उभे राहिले, खूप वेळ. मग टोपी नीट केली आणि वळून निघून गेले.

मंजुरी नदीपलीकडच्या गावाला मिळाली. ती बातमी केंद्रात आली तेव्हा मी कळा सुरू झालेल्या एका पोरीला तपासत होते. पहिलटकरीण, बाळ आडवं. मी ड्रायव्हरला हाक मारली, म्हटलं, गाडी काढ, घाट चढायचाय.