साहेबांचा डबा आणि तांबडी घोडी

मी एक जुना इन्क्युबेटर आहे, मित्रांनो. जनावरांच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभी असलेली, ठरावीक ऊब राखणारी पेटी. मी भयंकर चिडलोय, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी नवा होतो तेव्हा सगळे कौतुकानं हात फिरवायचे. "अर्धा अंशसुद्धा हलत नाही हो!" पुढे रंग उडाला, दाराचं रबर ढिलं झालं आणि मोठ्या साहेबांना शोध लागला की माझ्यात जेवणाचा डबा झकास गरम होतो.

एके दिवशी एक गाडीवान त्याची तांबडी घोडी घेऊन आला. तिच्या पायावरच्या गाठी फुटल्या होत्या. अशा गाठी दोन आजारांत येतात. एक बुरशीचा, त्यात जनावर वाचू शकतं. दुसरा इतका पसरणारा, की जनावराला मारूनच टाकतात.

बुरशी उगवते का ते बघायला तपासणीच्या ताईंनी गाठींतला पू सहा नळ्यांत पेरला आणि प्रत्येक नळीवर चिठ्ठी डकवली. पाच नळ्या माझ्यात ठेवल्या, सव्वीस अंशांवर. सहावी त्यांच्या सवयीप्रमाणे राखीव म्हणून कपाटात. "ही बुरशी उगवायला महाआळशी आहे. महिनाभर पेटीच्या कळीला कुणी हात लावायचा नाही," असं बजावून त्या आजारी आईकडे गेल्या.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी माझी कळ साठावर नेली. मग रोजच. पाचही नळ्यांतली बुरशी भाजून मेली. मी नुसता घरघरत राहिलो, पण पेटीचं ऐकतो कोण? अठ्ठाविसाव्या दिवशी साहेबांनी नळ्या उजेडात धरल्या. "काही उगवलं नाही. म्हणजे दुसराच आजार," म्हणाले आणि सही ठोकून मोकळे झाले.

त्याच आठवड्यात घोडीला मारलं.

ताई परतल्या. कपाटातल्या नळीत मोहरीएवढा, सुरकुतलेला तपकिरी ठिपका उगवला होता. ती नळी घेऊन त्या साहेबांकडे आल्या.

"साहेब, बुरशीच होती. घोडी वाचली असती हो!"

"अहवाल गेलाय. आता उगाच विषय वाढवू नका," साहेब म्हणाले आणि डबा माझ्यात सरकवला.

ताईंनी तो तसाच बाहेर काढून टेबलावर आपटला आणि गाडीवानाला निरोप धाडला. पण आता त्याला सांगणार तरी काय?

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण माझ्या कळीला हात लावण्याआधी नळीवरची चिठ्ठी वाचा. पाचही चिठ्ठ्यांवर ताईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'तांबडी घोडी, वय सात. मालक वाट बघतोय.'