पटावरच्या गाठी

पुसेगावच्या अंगाला आमचा तांडा. त्या दिवाळीला आमच्या घरात भांडण लागलं ते खेळावरून. मोठी माणसं, लेकरांचे मायबाप, अन् खेळावरून भांडून राहिले! हसा खुशाल. दुष्काळात खडी फोडून फोडून हाताची सालपटं निघाली होती, त्यानंतर पहिल्यांदाच कापसानं बरा हात दिला. आमचे मालक म्हणले, आता घरात एक तरी मजेची गोष्ट येऊ द्या.

त्यांना हिंगोलीच्या दुकानात कॅरम दिसला होता. चकचकीत फळी, चार कोपऱ्यांना जाळ्या, वर पावडरीचा डबा. घरी येऊन जेवता जेवता ताटाच्या काठावर बोटानं टिचकी मारून दाखवायचे. "आणला की मांडला. चार जण बसले की सुरू. ना शिवायची कटकट, ना जोडायची. सारा तांडा आपल्या दारात येऊन बसंल बघ."

अन् दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचा पट. सारीपाट हो, कापडाचा, चार पट्ट्यांचा. माझ्या सासूनं, मीराबाईनं, लग्न होऊन आली तवा शिवलेला. रंग कवाच उडाला होता, एक पट्टी उंदरानं कुरतडली होती. सोंगट्या तर बघूच नका. सासऱ्यांच्या लाकडी, त्याबी टवके उडालेल्या, अन् समोर बसणाऱ्या हिरासिंगकाकांच्या हरवल्या म्हणून त्यांच्या जागी नाल्यातले खडे. लाज वाटायची मला. पाव्हणे आले की मी पटावर घोंगडं टाकायची.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासू गेल्यापासून मामांना तेवढाच एक विरंगुळा. सकाळी शेळ्या घेऊन नाल्याकडं जायचे, दुपारी लिंबाखाली पट अंथरायचे. हिरासिंगकाका आले की तोंडावर हसू यायचं, ते दिवसभरात तेवढंच. त्यो डाव एक दिवस चुकला तर माणूस भाकर अर्धी टाकून उठायचा.

पैसे एकाच गोष्टीपुरते होते. कॅरम घ्या, न्हाईतर पटाला नवं कापड, शिंप्याची शिलाई अन् लाकूड कातणाऱ्या खराद्याकडच्या रंगीत सोंगट्या.

आधी मीबी कॅरमचीच होते. त्या पटाचा मला राग होता. उन्हाळ्यात एकदा घरात पाण्याचा ठणठणाट, मी दोन घागरी घेऊन आले तर दोघं म्हातारे वाटेतच पट मांडून बसलेले. मामा बाजूला सरकनात. माझं डोकं फिरलं. "एक दिवस हा पट चुलीत घालते का न्हाई बघा!" असं ओरडले. हिरासिंगकाका खाली बघायला लागले. मामा नुसते पट गोळा करून उठले, त्या दुपारी पुन्हा मांडला न्हाई. जीभ माझी, दुसऱ्या कुणाची? तवापासून ते शब्द मला बोचत होते.

म्हणून भांडण रंगलं तवा मी मालकांना म्हणलं, "आधी तुमच्या बाला इचारा."

मामा बाजंवर बसले होते. म्हणले, "भावसिंग, कॅरम आण. माझ्या पटाला हात लावू नका. हाय तसा बरा हाय."

झालं! मालक खूश. पण मला वाटलं, म्हाताऱ्याला माझं चुलीचं बोलणं आठवून राहिलं. आपल्यासाठी काही मागायचं न्हाई, पोरांना मिळू द्या, असं म्हणून मन मारून राहिला. बापानं मन मारायचं अन् आमी ठोऽक करून सोंगट्या मारत बसायचं? मी मालकांशी दोन दिवस बोलले न्हाई.

"अहो, कॅरमची फळी पावसात फुगली की गेली," मी म्हणलं. "पटाचं तसं न्हाई. जेवढं फाटलं तेवढं बदला, बाकी हाय तेच चालतंय. सासूच्या हातचा हाय तो."

"बा स्वतःच नको म्हणून राहिला ना!"

"तुमाला कळतं का काही? नको म्हणणाऱ्याला खरंच नको असतं व्हय?"

हे मी म्हणलं. मोठी शहाणी मी.

शेवटी मालकांनी हात जोडले. मंग मी कामाला लागले. आमच्या तांड्यात माझ्यासारखा टाका कुणाचा न्हाई, हे मी सांगत न्हाई, लोक सांगतात. खालचं अस्तर जुनं ठेवलं, वरचं सगळं काढलं. वर काय उरलं होतं म्हणा! जागोजाग दोऱ्याच्या गाठी, हरभऱ्याएवढ्या. कुठं कवडी शिवलेली, तीबी पटावरच्या घराच्या मधोमध न्हाई, एका अंगाला. सासू शेवटच्या वर्षी आजारी असून दिवसभर हेच करत बसायची. मी तिला म्हणायची, "काय चाललंय हे? चांगल्या पटावर गाठी काहून मारता? डोळे गेले का तुमचे?" ती हसायची. "व्हय गं," म्हणायची, "गेले."

तर त्या गाठींसकट वरचं कापड मी पट्ट्या पट्ट्या करून काढलं अन् पिळून घागरीखालची चुंबळ केली. फेकवलं न्हाई, एवढीच माझी अक्कल. नवं लाल कापड आणलं, त्यावर कळमनुरीच्या बाजारातल्या शिंप्याकडून मशीनवर पांढरी घरं मारून घेतली. एक टाका वर आला न्हाई. खराद्याच्या सोंगट्या लाल अन् हिरव्या, एकसारख्या, जणू एकाच मायच्या पोटच्या.

पाडव्याला मामांच्या पुढं पट अंथरला. सारं घर बघून राहिलं. मामांनी हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. पुन्हा फिरवला.

"लई गुळगुळीत केलास पोरी," ते म्हणले.

मी खुशीनं फुगले. मला वाटलं, कौतुकच.

त्या दुपारी हिरासिंगकाका बसले. मामा कवड्या टाकून त्या बोटानं चाचपून दान सांगायचे, ती त्यांची जुनीच सवय. दान बराबर सांगितलं, पण सोंगटी उचलली ती काकांची.

"अरे पेमा, ती माझी हाय!" काका मामांना म्हणले.

दुसरी उचलली, ती दोन घरं सोडून ठेवली. काका चिडले. पोरं हसली. "दिवाळीची जास्त झाली काय?" कुणीतरी म्हणलं. मामा हसल्यासारखं करून उठले. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणले. तिसऱ्या दिवशीबी गुडघाच. मंग पट खुंटीलाच लटकून राहिला, अन् हिरासिंगकाका लिंबाखाली येऊन, वाट बघून, परत जायला लागले.

मालक मला टोमणे मारायचे. "कॅरम गेला, पटबी गेला. घे आता!" अन् मी? मी ते सगळं मामांवर काढलं. एका सकाळी भाकर वाढता वाढता म्हणलं, "इतकं जीव तोडून केलं तरी तुमचं तोंड वाकडंच. काय कमी पडलं ते तरी सांगा!" मामा भाकरीवर हात ठेवून बसले. "काही कमी न्हाई पोरी. चांगलंच केलंस." अन् तसेच उठले.

पुढच्या आठवड्यात मी पाणी आणायला निघाले तर चुंबळ सापडंना. इथं बघितली, तिथं बघितली, शिव्या घातल्या. घराच्या मागं गेले तर मामा भिंतीला टेकून बसलेले, चुंबळ मांडीवर. तिचा पीळ त्यांनी सोडला होता. भिजून भिजून कापड कुजलं होतं, त्यांच्या हातातच फाटून राहिलं होतं. तरी त्यांचं बोट त्या पट्टीवरून चाललं होतं. गाठ आली की थांबायचं. ओठ हलायचे. मंग पुढची गाठ.

मी समोर जाऊन उभी राहिले. अगदी समोर, हातभर अंतरावर, भर उन्हात. मामांचं तोंड माझ्याकडंच होतं. बोट चाललंच होतं. माझ्या पायाखाली काडी मोडली तवा त्यांनी पट्टी झटकन धोतरात लपवली.

"कोण हाय?"

मी मट्कन खाली बसले.

त्या गाठी! सासूचे डोळे गेले नव्हते. डोळे मामांचे गेले होते. तिला ठाऊक होतं, अन् मरायच्या आधी तिनं नवऱ्यासाठी घराघराला खुणा करून ठेवल्या. गाठ म्हणजे अमकं घर, कवडी म्हणजे तमकं. त्यांच्या सोंगट्या लाकडाच्या अन् काकांचे खडे, म्हणून हाताला फरक कळायचा. ती वाट मी माझ्या हातानं पुसून टाकली, अन् वरून तोंड वाकडं म्हणून बोलले. मी ती वाट डोक्यावर घेऊन पाणी वाहत होते, अन् गाठी टोचतात म्हणून सासूला शिव्या घालत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"मामा, सांगायचं तर होतं हो!" मला रडू आवरंना.

"बेबी हाय व्हय," आवाजावरून मला ओळखून ते म्हणले. "मी म्हणलं होतं ना पोरी, कॅरम आणा."

"पण डोळ्यांचं..."

"ते सांगितलं असतं तर भावसिंगनं मला बाजंवरून उतरू दिलं असतं? शेळ्या गेल्या असत्या, लिंब गेला असता. शेळ्याच मला नेतात अन् आणतात, त्यांना काय तकलीफ न्हाई. भावसिंगला सांगू नगंस. माझी शपथ हाय तुला."

तसं झालं नसतं, असं खोटं मला बोलता आलं न्हाई. सांगितलं असतं तर मीच पहिली त्यांना बाजंवर बसवलं असतं, चार भाकरी वाढून, मोठं पुण्य केल्यासारखं.

मी आत गेले. खुंटीवरचा नवा पट काढला. लग्नातल्या ओढणीच्या काठाच्या कवड्या कापल्या, जाड दोरा घेतला अन् मामांच्या शेजारी येऊन बसले. जुनं कापड काही जोडण्यासारखं उरलं नव्हतं. जे होतं ते त्यांच्या बोटात होतं. त्यांचं बोट धरून मी नव्या कापडावर ठेवलं.

"इथं काय होतं, मामा?"

"इथं गाठ. मोठी." बोट सरकलं. "इथं काही न्हाई. इथं कवडी, जरा डाव्या अंगाला."

मी टाकत गेले. कुठं त्यांना आठवायचं न्हाई, मंग बोट मागं जायचं, पुन्हा पहिल्यापासून यायचं. एका घरावर लई वेळ थांबले. "ही तिची न्हाई वाटत," म्हणले. मी उसवली. पुन्हा मारली. "चालंल," म्हणले. चालंल म्हणजे ती न्हाई, हे मला कळलं. अन् मला जन्मभर हे कळत राहणार हाय.

तेवढ्यात मालक रानातून आले. लाल पटावरच्या त्या जाड जाड गाठी बघून जागीच थांबले.

"अगं ये, काय करून राहिलीस? इतके पैसे घालून केलेल्या पटावर गाठी काहून मारतेस? डोळे गेले का तुझे?"

मामांचं बोट पटावर थांबलं. त्यांची मान वर झाली न्हाई.

"व्हय," मी म्हणलं, "गेले." अन् पुढच्या घरात सुई घातली.