आधी नीट शिकून या

ऑफिसात त्याला सगळे पंडित म्हणत आणि त्यालाही ते आवडे. लोकांनी लिहिलेला कोड मशीनला कळेल अशा रूपात उतरवणारा कंपायलर तो घडवत होता. चाचणीत त्याला एक खोट सापडली. एखादं फंक्शन, म्हणजे कोडमधला एक कामाचा तुकडा, उत्तर म्हणून आपल्याच प्रकारचं दुसरं फंक्शन देत असेल, तर त्याचा प्रकार शोधायला कंपायलर आत आत शिरत राही आणि शेवटी कोसळे. दुरुस्ती किचकट होती. शिवाय असले उपद्व्याप करणार कोण? पंडितने वरवरची मलमपट्टी केली. ठरावीक पायऱ्या आत गेल्यावर थांबायचं आणि एक ओळ दाखवायची : ‘आधी नीट शिकून या.’ शेजारचे दोघे पोट धरून हसले. आवृत्ती तशीच बाहेर गेली.

दोन महिन्यांनी एका रविवारी तो ताईकडे गेला. प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा त्याला तिनेच करून दिलेला. पुढे मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि तिची नोकरी सुटली ती सुटलीच. आता वर्षभर घासून अभ्यास करून तिने एका कंपनीत प्रात्यक्षिक परीक्षा दिली होती.

“काय झालं गं परीक्षेचं?”

ताई कपबश्या विसळत होती. ती पाठमोरीच राहिली.

“काय व्हायचंय? तोंडावर आपटले. चांगलं सुटसुटीत लिहिलं होतं रे. प्रत्येक फंक्शनने पुढची पायरी म्हणून आपल्यासारखंच फंक्शन द्यायचं, बस. तर मशीन म्हणतं, आधी नीट शिकून या. परीक्षक बाई मागेच उभ्या, त्यांनीही वाचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं खोडलं, मग काही म्हणता काही सुचेना. नाही घेतलं त्यांनी.”

पंडित गार पडला. गप्प बसला असता तर तिला जन्मात कळलं नसतं, आणि क्षणभर तो गप्प बसलाही. त्याची त्याला आणखीच लाज वाटली.

“मशीनचं माझ्याशी काय वाकडं आहे? ते कशाला खोटं बोलेल?” ताई म्हणाली. “पुस्तकं घेऊन जा माझी. हा नाद सोडला मी.”

“ताई, ते मशीन नाही बोललं. मी बोललो. ती ओळ माझी आहे. चूकसुद्धा माझ्याच कंपायलरची.”

नळ बंद झाला. आता कानाखाली बसणार असं त्याला वाटलं, आणि बसावी असंही वाटलं.

ताई ओल्या हातांनीच समोर येऊन बसली.

“छोट्या, खरं सांग. म्हणजे माझं बरोबर होतं?”